अंगणातील मोटार आणि विजेचे रुसवे

या सदरातून आजवर आम्ही शिवणयंत्र, पाण्याचा पंप, भिंतीवरचे घड्याळ अशा घरातील यंत्रांची विचारपूस केली. या खेपेस उंबरठा ओलांडून अंगणात उभ्या असलेल्या एका वयोवृद्ध मंडळीकडे वळावे असे योजिले आहे. आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील जुन्या घरांत आणि नव्या वसाहतींतील बंगल्यांतही, कापडी आच्छादनाखाली अजून एखादी अँबॅसडर, एखादी फियाट अथवा पद्मिनी, नाही तर पहिल्या काळातील मारुती ८०० निवांत बसलेली आढळते. आजोबांनी हौसेने घेतलेली, वडिलांनी जपलेली आणि आता नातवंडांच्या वाट्यास आलेली ही गाडी विकावी असे कुणालाच वाटत नाही; पण ती वेळेवर सुरू होत नाही, दिवे लागत नाहीत, भोंगा वाजत नाही, म्हणून ती रस्त्यावर काढण्याचेही धैर्य होत नाही.

या गाड्यांचे उत्पादन आता इतिहासजमा झाले आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून घरोघरी माहीत झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही रस्त्याचा निरोप घेतला. उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ च्या मे महिन्यात थांबली. डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेली मारुती ८०० त्याच वर्षीच्या जानेवारीत थांबली होती. उत्पादन थांबले, तशी या गाड्यांच्या तारांची नस ओळखणारी मिस्त्री मंडळीही हळूहळू कमी होत चालली. नव्या कार्यशाळांत गाडीला संगणक जोडून तिचा दोष वाचतात. ज्या गाडीत संगणकच नाही तिच्यापुढे तेथील तरुण कारागीर गोंधळून जातो. अशा वेळी घरातील कुणीतरी चार गोष्टी शिकून घेणे हाच राजमार्ग होय.

त्यात आणखीही एक महत्त्वाची बाब आहे. मागचा तांबडा दिवा न लागणारी गाडी रात्री रस्त्यावर उभी असेल, तर मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात असतो. आणि चुकीच्या ठिकाणी चुकीचा फ्यूज घातलेली गाडी पेट्रोलची टाकी घेऊन पेटण्याची वाट पाहत असते. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नाही. वाचकांनी तो त्याच गांभीर्याने घ्यावा अशी विनंती आहे.

आधी खबरदारी

गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. तिला हात लावल्याने झटका बसत नाही, म्हणून पुष्कळांना ती निरुपद्रवी वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. तिच्या दोन टोकांमध्ये पाना अथवा अंगठी अडकली, तर क्षणात शेकडो अँपियरचा प्रवाह वाहून धातू लाल होतो आणि कातडी भाजते. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. बॅटरीत गंधकाम्ल असते, आणि ती भरत असताना तीतून हायड्रोजन वायू निघतो, जो ठिणगीने भडकतो. तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको, निरांजन नको, उदबत्तीही नको. अम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे; डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याखाली डोळे बराच वेळ धरून तडक डॉक्टरांकडे जावे.

बॅटरीचे जे टोक गाडीच्या अंगाला, म्हणजे बॉडीला, जोडलेले असते, ते सर्वांत आधी सोडावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. असे केल्याने दुसरे टोक सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत हे टोक ऋण असते. परंतु १९५० च्या दशकातील अनेक इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडण्याची रीत होती. म्हणून घरची गाडी फार जुनी असेल तर गृहीत न धरता तार डोळ्यांनी तपासून घ्यावी. उलट जोडलेली बॅटरी रेडिओ आणि अल्टरनेटर यांचा क्षणात घास घेते.

विजेचे रहाटगाडगे

विहिरीवरील रहाटगाडगे वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. भरलेली गाडगी वर येतात, पाणी पन्हळीत ओततात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. माळ एका ठिकाणी जरी तुटली तरी पाणी येणे बंद. गाडीतील विजेचेही तसेच आहे. प्रवाह बॅटरीतून निघतो, फ्यूज आणि बटण ओलांडून दिव्यात शिरतो, तेथे आपले काम करतो आणि परत बॅटरीकडे येतो. घरातील दिव्याला जाण्याची एक आणि परत येण्याची एक अशा दोन तारा असतात. गाडीत मात्र परतीची तार म्हणून गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरला जातो. यालाच मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात.

येथेच जुन्या गाडीच्या निम्म्याअधिक रुसव्यांचे मूळ सापडते. लोखंड गंजते, रंगाचे थर चढतात, स्क्रू सैल होतो आणि परतीची वाट अरुंद होते. बल्ब नवा असतो, तार धड असते, बॅटरी भरलेली असते, तरीही दिवा मिणमिणतो. म्हणून यंत्राला दोष देण्यापूर्वी जोड तपासावा, हा या विषयातील पहिला धडा होय.

तपासणीसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. बारा व्होल्टचा पाच वॅटचा एक बल्ब, त्याचे होल्डर आणि दीड-दोन हात लांबीच्या दोन तारा घ्याव्यात. एका तारेच्या टोकाला दातेरी चिमटा बसवावा, दुसऱ्या तारेच्या टोकाला जाड सुई. झाला आपला टेस्ट लॅम्प. चिमटा बॉडीच्या घासून स्वच्छ केलेल्या जागी लावावा आणि सुई ज्या जोडाला टेकवू तेथे वीज पोचली असल्यास बल्ब लागतो. बॅटरीपासून दिव्याकडे एकेक जोड असा तपासत जावे. ज्या जोडापर्यंत बल्ब लागतो आणि ज्याच्या पुढे लागत नाही, त्या दोहोंच्या मध्ये दोष आहे हे निश्चित. याच्या जोडीला एक साधे मल्टिमीटर असले म्हणजे आकडेही कळतात. इतर सामान आपल्या घरात असतेच: पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, काचकागद, तारेचा ब्रश आणि थोडे पेट्रोलियम जेली.

इंग्रजी वळणाच्या गाड्यांत तारांचे रंग ठरलेले असतात आणि ते ठाऊक असल्यास शोध सोपा होतो. बॅटरीकडून येणारी, सदैव जिवंत असणारी तार तपकिरी. किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी. तीच पुढे फ्यूजमधून निघाली की हिरवी. मोठ्या दिव्यांची निळी. लहान दिव्यांची तांबडी. आणि अर्थाची काळी. चाळीस वर्षांच्या धुळीने रंग ओळखू येत नसेल तर ओल्या फडक्याने तार पुसावी. मात्र मधल्या काळात कुणी हाताला लागेल ती तार जोडून ठेवलेली असू शकते. म्हणून रंगावर विसंबून न राहता टेस्ट लॅम्पची साक्ष काढावी.

सेल्फ घेत नाही तेव्हा

किल्ली फिरवली आणि इंजिन फिरलेच नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. अशा वेळी मोठे दिवे लावून कुणाला तरी समोर उभे करावे (गाडी न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला असावा) आणि पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी खाली आहे, किंवा तिच्या टोकांचे जोड खराब आहेत, अथवा क्वचित स्टार्टर अडकला आहे. दिवे जसेच्या तसे तेजस्वी राहिले आणि कसलाही आवाज आला नाही, तर प्रवाह स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. दोष किल्लीच्या स्विचात, सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या बारीक तारेत शोधावा. नुसता ‘टक टक’ आवाज येत राहिला तर बहुधा बॅटरीत त्राण नाही.

स्टार्टर फिरताना शंभराहून अधिक अँपियर प्रवाह लागतो. समजा हा प्रवाह दीडशे अँपियर आहे आणि बॅटरीच्या टोकावरील मळामुळे एक शतांश ओहम इतकाच अडथळा निर्माण झाला आहे. तेवढ्यानेही दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. तोच अडथळा लहान दिव्याच्या वाटेत असता तर कुणाच्या ध्यानातही आला नसता. दिवे लागतात म्हणून जोड चांगले आहेत असे अनुमान का काढू नये, ते यावरून समजेल.

बॅटरीच्या टोकांवर जमणारी पांढरी-हिरवट बुरशी काढण्यासाठी दोन्ही तारा सोडाव्यात, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने ती धुवावी. हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये. आत गेल्यास अम्लाचा नाश होतो. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून, टोके आणि पट्ट्या काचकागदाने चकचकीत होईतो घासाव्यात, घट्ट आवळाव्यात आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. तेवढ्यावर न थांबता बॉडीला जोडलेले दुसरे टोकही उघडून घासावे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टीही असते; इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असल्याने ही पट्टी तुटली की स्टार्टरची परतीची वाट बंद होते. पुष्कळदा नवी बॅटरी आणि दुरुस्त केलेला स्टार्टर यांवर पैसा खर्च होऊन गेल्यावर ही क्षुद्र पट्टी सापडते.

बॅटरीची प्रकृती पाहण्यासाठी गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मीटर लावावे. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती भरलेली आहे, १२.४ ला सुमारे पाऊण. १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. स्टार्टर फिरताना आकडा साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत पातळी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी नको आणि अम्लही नको. हायड्रोमीटर मिळाल्यास सहाही कप्पे तपासावेत. पाच कप्प्यांत १.२५० आणि एकात १.१५० अशी नोंद आली, तर तो कप्पा मेला आहे आणि बॅटरी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

बॅटरी चांगली असूनही दोन दिवस उभ्या गाडीत रिकामी होत असेल, तर कुठेतरी गळती आहे. बॉडीकडे जाणारी तार सोडावी आणि ती तार व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावावा. किल्ली काढलेली, दारे बंद. तरीही बल्ब लागला, तर काहीतरी वीज पीत आहे. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्या काढण्याने बल्ब विझेल त्या शाखेत चोर आहे. डिकीतील अथवा हातपेटीतील न विझणारा लहानसा दिवा हा बहुधा तो चोर निघतो. पाच वॅटचे चार दिवे चालू राहिले तर दीड अँपियरहून अधिक प्रवाह वाहतो, आणि मारुतीची पस्तीस अँपियर-तासांची बॅटरी एका दिवसाच्या आतच हतबल होते.

दिव्यांचे विचित्र वर्तन

ब्रेक दाबला की त्याच बाजूचा लहान दिवा लागतो. इंडिकेटर लावला की मागचा तांबडा दिवाही डोळे मिचकावतो. अशा तक्रारींनी मंडळी भांबावून जातात आणि सगळ्या तारा बदलण्याच्या गोष्टी सुरू होतात. वस्तुतः हा मागच्या दिव्याच्या अर्थाचा दोष असतो. परतीची वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या बल्बातून वाट काढू पाहतो, आणि नको तो दिवा लागतो. दिव्याची काच काढावी, होल्डर ज्या स्क्रूने बॉडीला बसवला आहे तो काढून दोन्ही बाजू घासाव्यात, आणि शक्य असल्यास होल्डरपासून बॉडीच्या धड जागेपर्यंत एक स्वतंत्र काळी तार ओढावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

मागच्या दिव्यात लहान दिवा आणि ब्रेक यांचा मिळून एकच बल्ब असतो. त्यात पाच आणि एकवीस वॅटच्या दोन तंतू असतात. त्याच्या दोन खिळ्या कमी-अधिक उंचीवर असतात, म्हणून तो एकाच रीतीने बसतो. उलटा बसवण्यासाठी जोर करू नये. इंडिकेटर नेहमीच्या चालीने न लागता फारच भरभर लागला किंवा नुसताच जळत राहिला, तर त्या बाजूचे दोन्ही बल्ब आधी पाहावेत. एक बल्ब गेला की फ्लॅशरचे गणित बिघडते. दोन्ही बल्ब आणि त्यांचे अर्थ ठीक असतील तरच फ्लॅशर बदलावा.

भोंग्याची गोष्ट अशी की बहुतेक जुन्या गाड्यांत वीज भोंग्यापर्यंत आलेलीच असते आणि स्टीअरिंगवरील बटण केवळ परतीची वाट उघडते. भोंगा मुका झाला तर भोंग्यावरील एका टोकाला वीज आहे का ते पाहावे. असल्यास दुसरे टोक एका तारेने क्षणभर बॉडीला टेकवावे. वाजला तर भोंगा निर्दोष. दोष बटणात अथवा त्याच्या तारेत. उलट, भोंगा आपोआप वाजत सुटला, तर बटणाची तार कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे असे समजावे.

काही हौशी मंडळी प्रकाश वाढवण्यासाठी मोठ्या दिव्यांत शंभर वॅटचे बल्ब घालतात. साठ वॅटच्या बल्बाला पाच अँपियर लागतात. शंभराच्या दोन बल्बांना मिळून सोळाहून अधिक. जुन्या गाडीतील दिव्यांचे बटण आणि तारा इतका भार पेलण्यासाठी बनवलेल्या नसतात, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते निराळेच. त्यापेक्षा आहेत त्याच दिव्यांसाठी रिले बसवावा. बॅटरीकडून, वाटेत फ्यूज घालून, आलेली जाड तार रिलेतून थेट दिव्याकडे जाते आणि बटणावर केवळ रिले चालवण्याचा अल्प भार राहतो. दिवे पूर्वीपेक्षा स्पष्ट उजळतात आणि बटणाचेही आयुष्य वाढते.

फ्यूज हा घरचा पहारेकरी

जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे, अथवा पांढऱ्या अंगावर धातूची पट्टी बसवलेले फ्यूज असतात. त्यांचे चिमटे कालांतराने सैल होतात व काळे पडतात. दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, अशा तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. बॅटरीची तार सोडून चिमटे घासावेत आणि पकडीने हलकेच आवळावेत.

फ्यूज उडाला तर तो पहारेकऱ्याने दिलेला इशारा समजावा. त्याच अँपियरचा नवा एकदा घालून पाहावा. तोही उडाला तर तिसरा घालू नये. सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे, तांब्याची तार बांधणे, आठ अँपियरच्या जागी तीसचा घालणे, हे उपाय आपल्या रस्त्यांवर सर्रास चालतात आणि तेच घातक ठरतात. फ्यूज वितळत नाही तेव्हा तार वितळते. तिच्यावरचे आवरण पेटते. आणि ते पेटते बहुधा डॅशबोर्डच्या मागे, जेथे हात पोचत नाही.

दोष शोधण्याची सुरक्षित रीत अशी. उडालेला फ्यूज काढावा आणि त्याच्या दोन चिमट्यांना टेस्ट लॅम्पची दोन टोके लावावीत. त्या शाखेतील सर्व बल्ब काढून ठेवावेत व बटण चालू करावे. टेस्ट लॅम्प पूर्ण तेजाने लागला, तर तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे. मग तारांचा जुडगा हातभर-हातभर हलवत जावे. ज्या जागी हलवताच बल्ब विझतो तेथेच तार सोललेली आढळेल. पत्र्याच्या भोकातून तार जेथे पार जाते, दाराच्या बिजागरीपाशी जेथे वाकते, आणि इंजिनाच्या उष्णतेने जेथे आवरण कडक होते, त्या जागा आधी पाहाव्यात. उंदीर हेही एक कारण आहे. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत बॉनेटखाली ते घरटे करतात आणि तारांचे आवरण कुरतडतात.

सोललेली तार नुसती पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे हा तात्पुरता उपाय आहे. उन्हाळ्यात पट्टीचा डिंक वितळतो आणि तार पुन्हा उघडी पडते. तितक्याच जाडीचा नवा तुकडा घालून, जोड डाख देऊन अथवा योग्य जोडणीत दाबून, वरून आकुंचन पावणारी नळी चढवावी. पत्र्याच्या भोकात रबराचे कडे नसेल तर ते अवश्य बसवावे.

तांबडा दिवा विझत नाही तेव्हा

डॅशबोर्डवरील चार्जिंगचा तांबडा दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. डायनमो असलेल्या गाडीत मंद चालीवर तो किंचित लुकलुकणे स्वाभाविक आहे, कारण डायनमो मंद वेगात फारच थोडा प्रवाह देतो. परंतु वेग वाढवूनही तो जळत राहिला तर गाडी थांबवून प्रथम पट्टा पाहावा. पट्टा तुटला असेल तर तशीच गाडी हाकण्याचा मोह आवरावा. अँबॅसडर, पद्मिनी व मारुती ८०० या तिन्ही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. बॅटरी काही मैल साथ देईल, पण इंजिन त्यापूर्वीच तापून बिघडेल. पट्टा शाबूत असून सैल असेल, तर तो आवळावा; अंगठ्याने मध्यावर दाबल्यास तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा.

पट्टा ठीक असल्यास इंजिन थोड्या वेगात ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावे. आकडा १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असावा. साडेबाराच्या आसपासच राहिला तर डायनमो अथवा अल्टरनेटर काम करीत नाही. बहुधा कार्बनचे ब्रश झिजलेले असतात. पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर, ज्याला मिस्त्री ‘कटआउट’ म्हणतात, तो बिघडला आहे आणि बॅटरी उकळू लागेल. अल्टरनेटर असलेल्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीची तार कदापि काढू नये. त्याने अल्टरनेटरमधील डायोड जळतात. ‘तार काढून बघा, गाडी चालू राहते का’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो डायनमोच्या काळातील सल्ला आहे आणि तेव्हाही तो फारसा शहाणपणाचा नव्हता.

पाऊस आणि पूर

पहिल्या पावसात गाडी सुरू होईनाशी झाली तर डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावे, प्लगच्या जाड ताराही पुसाव्यात. येथील वीज हजारो व्होल्टची असते, म्हणून हे काम किल्ली बंद करूनच करावे. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक काचकागदाने साफ करून त्यांतील अंतर फीलर गेजने जुळवावे. ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून रेडिओ ऐकत बसण्याची सवयही टाळावी. पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल तापत राहते.

पुराची कथा मात्र वेगळी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा बडोदेकरांच्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर ‘सुरू होते का बघू’ म्हणून किल्ली फिरवणे हा सर्वांत मोठा अपराध. सिलिंडरात पाणी असेल तर इंजिनाचे दांडे वाकतात, आणि ओल्या तारांत शॉर्ट होतो. प्रथम बॅटरीची तार सोडावी. फ्यूजपेटी, दिवे, सर्व जोड उघडून स्वच्छ पाण्याने त्यांतील गाळ धुवावा आणि दोन-तीन दिवस उन्हाऱ्यात वाळू द्यावेत. स्टार्टर, डायनमो आणि इंजिन मिस्त्रीकडून उघडून घ्यावे. त्याआधी किल्ली खिशातच राहू द्यावी.

हाताला मान

घरी काय करू नये हेही सांगितले पाहिजे. जळका वास येतो, धूर दिसतो, डॅशबोर्डमागील संपूर्ण जुडगा कडक होऊन तडकला आहे, पेट्रोलच्या नळीजवळची तार सोललेली आहे: अशा वेळी बॅटरी सोडावी आणि जाणत्या कारागिरास बोलवावे. तो आला म्हणजे त्याच्या शेजारी उभे राहून पाहावे, विचारावे आणि लिहून ठेवावे. गाडीसाठी एक वही घालावी. कोणती तार कोठून कोठे जाते, कोणता फ्यूज कशाचा, बॅटरी कधी घेतली, कोणता जोड कधी घासला, हे तीत तारखेसह नोंदावे. पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्या वेळच्या तपासणीत दिवे आणि भोंगा धड असले म्हणजे हेलपाटे वाचतात. पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्र सरकारने स्वतंत्र ‘विंटेज’ नोंदणीची सोय केली आहे. ज्यांच्या घरी अशी मानकरी असेल त्यांनी तिची माहिती अवश्य घ्यावी.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा भव्य मेळावा भरला होता. तेथील राजेशाही गाड्यांना सांभाळायला स्वतंत्र माणसे असतात. आपल्या अंगणातील गाडीला घरचीच माणसे. आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली याच शहरात कलाभवन उभे राहिले, ते हातांनी करावयाच्या कामाला विद्येची प्रतिष्ठा मिळावी म्हणूनच. घरातील मुलगा असो, मुलगी असो वा सून असो, एका रविवारी टेस्ट लॅम्प हाती द्यावा आणि मागच्या दिव्याचा स्क्रू काढायला सांगावे. एकदा दिवा लागलेला पाहिला की पुढचे शिक्षण आपोआप होते.

पुढील अंकी घरातील पाण्याच्या टाकीचा तरता गोळा आणि गळके नळ यांविषयी लिहू. तोवर, सुज्ञ वाचकहो, आजच संध्याकाळी एवढेच करावे: गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी, ब्रेक दाबावा आणि भिंतीवर तांबडा उजेड दोन ठिकाणी पडतो की एकाच ठिकाणी, ते पाहून घ्यावे.